रेमिंग्टन ७०० ला बाहेरचा ट्रिगर: कोणता घ्यावा, घरी बसवता येईल का?

ऑस्टिनकर

मंडळी, सल्ला हवाय. रायफल रेमिंग्टन ७०० एसपीएस, .३०८, २००९ ची, साधा प्लास्टिक स्टॉक. ट्रिगर कारखान्यातून आला तोच, एक्स-मार्क प्रो. थंडीत टेक्सासच्या हिल कंट्रीत हरणाची शिकार आणि उरलेलं वर्षभर रेंजवर १०० ते ६०० यार्ड, असा दुहेरी वापर आहे. गेज लावून पाहिलं तर ओढ (ट्रिगर सुटायला लागणारा जोर) कधी साडेचार पौंड, कधी सव्वापाच. शिवाय सुटण्याआधी बोटाखाली किंचित खरखरत सरकतो.

प्रश्न असे: आहे तोच सेट करून भागेल का? नवा घ्यायचा तर टिमनी ५१०, ट्रिगरटेक प्रायमरी की थेट ट्रिगरटेकचाच डायमंड? शिकार आणि रेंज दोन्हींना चालेल असं वजन किती ठेवावं? आणि हे घरी जमण्यासारखं आहे, की बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच न्यावं? पंचचा सेट, अ‍ॅलन की आणि इंच-पौंडाचा टॉर्क ड्रायव्हर एवढं घरात आहे.

सीअरशास्त्री

बाकीचं नंतर, आधी ते २००९ बघा. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या, एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये परत मागवल्या होत्या. जुळणी करताना आत चिकटद्रव्य जास्त पडलं होतं, आणि त्यामुळे चाप न ओढताही गोळी सुटण्याची शक्यता होती. तुमची रायफल नेमकी त्याच काळातली. ओळखायची खूण सोपी आहे: ट्रिगरच्या पात्यावर उभ्या रेघा असतील तर तो जुना वॉकर ट्रिगर, पातं गुळगुळीत असेल तर एक्स-मार्क प्रो. आधीच्या मालकाने दुरुस्ती करून घेतल्याचा कागद हातात नसेल तर झालीच नाही असं धरा आणि नवा ट्रिगर बसेपर्यंत त्या रायफलीत गोळी भरू नका. जुनी कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली, त्यामुळे ‘पाठवू कधीतरी परत’ या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ज्याच्या आत काय साचलंय ते दिसत नाही, त्याचं वजन कमी करायचं नाही. आख्खी डबी (ट्रिगरची सगळी यंत्रणा जिच्यात असते ती) बदलली की तो दोषही डबीबरोबर जातो. काढलेला ट्रिगर मात्र कुणाला विकू नका, फुकटही देऊ नका.

कुणाकडे वॉकर असेल तर तिथली भानगड निराळी. त्यात ट्रिगर आणि सीअर (काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनला अडवून धरणारी कड) यांच्यामध्ये ‘कनेक्टर’ नावाची एक सुटी पट्टी असते. दर वेळी चाप ओढला की ती ट्रिगरपासून जरा बाजूला होते आणि स्प्रिंगच्या जोरावर परत येते. त्या फटीत कचरा, घट्ट झालेलं तेल किंवा बर्फ अडकलं की पट्टी पूर्ण परत येत नाही आणि सीअर नावापुरता टेकून राहतो. मग सेफ्टी काढताना किंवा बोल्ट (गोळी आत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) लावताना नुसत्या धक्क्याने सुटू शकतो.

लांबपल्ला

निवडीबद्दल.

वजनाच्या आकड्याकडे सगळे बघतात, पण बोटाला जाणवतो तो बहुतेक वेळा क्रीप, म्हणजे सुटण्याआधीचं ट्रिगरचं सरकणं. सीअर म्हणजे फायरिंग पिनला मागे अडवून धरणारी कड. ती ट्रिगरच्या कडेवर टेकलेली असते आणि तुम्ही ओढता तेव्हा त्या दोन कडा एकमेकींवरून घसरतात. हे घसरणं लांबलचक आणि खरखरीत असेल तर तीन पौंडही जड वाटतात. आखूड आणि गुळगुळीत असेल तर साडेतीन पौंडांचा ट्रिगर काच फुटावी तसा सुटतो.

टिमनी ५१०: कारखान्यातून साधारण ३ पौंडांवर येतो, दीड ते चार पौंड फिरवता येतो. दोन कडा घासून सुटणारी जुनी, पारखलेली रचना. ओढीचं वजन, सीअरची पकड आणि ओव्हरट्रॅव्हल (सुटल्यानंतर ट्रिगर मागे किती जातो ते), तिन्हींना वेगवेगळे स्क्रू.

ट्रिगरटेक प्रायमरी: हाही दीड ते चार पौंड. यात दोन कडांच्या मध्ये एक सुटा रोलर आहे, त्यामुळे घसरण्याऐवजी लोळण होते आणि क्रीप जवळजवळ जाणवतच नाही. सीअरची पकड वापरणाऱ्याने बदलायची सोयच ठेवलेली नाही. काहींना ही कमतरता वाटते. घरी पहिल्यांदा ट्रिगर बसवणाऱ्यासाठी माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण.

ट्रिगरटेक स्पेशल: १ ते साडेतीन पौंड. तुमच्या दुहेरी वापराला हा सगळ्यात सोयीचा पल्ला.

ट्रिगरटेक डायमंड: ४ औंसांच्याही खालपासून ३२ औंसांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त २ पौंड. सामन्यांसाठी अप्रतिम. हातमोजे घालून, धाप लागलेली असताना झाडावरच्या मचाणात बसायचं असेल तर घेऊ नका.

ज्यूएल कंपनीचा ट्रिगरही याच रायफलीला बसतो आणि फार हलका करता येतो, पण त्याची डबी बाजूंनी बरीच उघडी आहे. टेक्सासची धूळ आणि तो यांचं पटत नाही. बेंचरेस्टच्या (टेबलावर टेकवून नेमबाजी) टेबलावर ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

वजन: शिकारीला अडीच ते तीन पौंड (साधारण १.१ ते १.३५ किलो). नुसत्या रेंजसाठी दीड ते दोन. एकाच रायफलीवर दोन्ही करायचं तर अडीचवर ठेवा आणि विसरून जा. दर मोसमाला वजन वर-खाली केलं तर बोटाची सवय मोडते, हे नुकसान अर्ध्या पौंडाच्या फायद्यापेक्षा मोठं.

मागवताना दोन गोष्टी नीट वाचा. डावखुऱ्या अ‍ॅक्शनचा (बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलीचा धातूचा सांगाडा) ट्रिगर वेगळा असतो. आणि ‘बोल्ट रिलीजसह’ की ‘बोल्ट रिलीजविना’ हे बघा. कारखान्याच्या ७०० मध्ये ट्रिगरच्या पुढे असलेली ती छोटी पट्टी दाबून बोल्ट काढतात, म्हणून तुम्हाला ‘सह’ हवा. ज्या नव्या अ‍ॅक्शनमध्ये बाजूला वेगळं बटण असतं त्यांच्यासाठी ‘विना’. चुकीचा आला तर बसतो व्यवस्थित, फक्त बोल्ट बाहेर निघत नाही.

सीअरशास्त्री

वरच्या सगळ्याशी सहमत, टिमनीच्या बाबतीत एक भर. तीन स्क्रू आहेत म्हणून तिन्ही फिरवायचे नसतात. सीअरच्या पकडीचा स्क्रू कारखान्यात लावलेला असतो, त्याला हात लावू नका. क्रीप आणखी कमी करायच्या नादात तो आत घेतला की कडा केसभर टेकून राहतात. टेबलावर ट्रिगर झकास वाटतो आणि बोल्ट जरा जोरात लावला की फायरिंग पिन सुटते.

ओव्हरट्रॅव्हलचा स्क्रू जास्त आवळला की उलट गंमत. ट्रिगर पुरता मागे जाऊ शकत नाही, सीअर अर्धवट सुटून अडकतो. तुम्ही ओढता, काहीच होत नाही, तुम्ही बोल्टला हात लावता आणि त्या धक्क्याने सुटतं. फक्त वजनाचा स्क्रू तुमचा, बाकीचे कारखान्याचे.

पाना_आणि_पंच

बसवण्याचं मी सांगतो. घरी जमतं, तास-दीड तास धरा.

गोळ्या दुसऱ्या खोलीत. मॅगझिन रिकामं. चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून बघा. बोल्ट काढून बाजूला ठेवा. आता खालचे दोन अ‍ॅक्शन स्क्रू. दोघांची लांबी वेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर रायफलीचं चित्र काढून ज्याच्या-त्याच्या जागी खोचून ठेवा (तिसरा स्क्रू असला तर तोही). अदलाबदल झाली तर लांब स्क्रू वर डोकावतो आणि बोल्टला आडवा येतो. मग माणूस बिचाऱ्या नव्या ट्रिगरला दोष देत बसतो.

स्टॉक सरळ खाली ओढून काढा. मॅगझिनची पत्र्याची पेटी सुटून पडेल, ती कशी बसली होती ते लक्षात ठेवा.

आता अ‍ॅक्शनच्या डाव्या बाजूचा जवळून फोटो काढा. ही पायरी टाळू नका. तिथे बोल्ट-स्टॉप आणि त्याची बारीक स्प्रिंग आहे. ट्रिगर दोन आडव्या पिनांवर लटकलेला असतो, आणि पिन बाहेर आली की स्प्रिंग कपाटाखाली जाते. उपाय सोपा: बाहेरून दुसरी पिन किंवा त्याच जाडीचा पंच मागोमाग सरकवत जा, म्हणजे भोक कधीच रिकामं राहत नाही. तरीही सगळं मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत हात घालून करा.

पिन काढायला १/८ इंचापेक्षा किंचित बारीक, सपाट तोंडाचा पंच. अ‍ॅक्शन शेगड्यात धरायची तर जबड्यांना लाकूड किंवा चामडं लावा, नाहीतर खाली लाकडी ठोकळा ठेवून त्याला भोक पाडा. हातोडी हलकी, पितळी असेल तर उत्तम. एका बाजूने हलत नसेल तर दुसरीकडून बघा, जोर वाढवू नका. जुन्या रायफलीत पिन गंजून धरलेल्या असतात, तेव्हा भेदक तेलाचा एक थेंब आणि रात्रभर थांबणं. तेल पिनवरच, कारण त्याच जागी उद्या नवा ट्रिगर येणार आहे.

नवा ट्रिगर आत घालून आधी हाताने पिन सरकवून बघा. बोटाच्या दाबाने किंवा हातोडीच्या अगदी हलक्या टकटकीने जायला हवी. बसल्यावर ट्रिगरची डबी पुढे-मागे हलवून पहा. स्पष्ट डुगडुगत असेल तर सीअर आणि फायरिंग पिन यांची भेट दरवेळी वेगळ्या जागी होते, आणि तुमच्या गेजवर आकडे पुन्हा नाचायला लागतात. अशा वेळी किंचित जाड पिना मिळतात, त्या लावायच्या. भोकं ठोकून आवळायची नाहीत.

वजनाचा स्क्रू स्टॉक लावण्याआधीच सेट करून घ्या. गेजचा दांडा पात्याच्या मध्यावर, दरवेळी त्याच जागी. खालच्या टोकाला लावलात तर तरफ लांब होते आणि आकडा कमी दिसतो. दहा वेळा मोजा, सरासरी घ्या, पण सरासरीपेक्षा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांतलं अंतर बघा. नव्या चांगल्या ट्रिगरमध्ये ते दोन-तीन औंसांत राहायला हवं.

स्क्रूवर लॉकटाइट (स्क्रू घट्ट धरणारं चिकटद्रव्य) टाकू नका. वर सीअरशास्त्रींनी लिहिलंच आहे की मूळ ट्रिगरची वाट कशाने लागली. खूण हवीच असेल तर स्क्रूच्या बाहेरच्या तोंडावर नेलपॉलिशचा ठिपका, बस.

स्टॉक परत चढवताना मॅगझिनची पेटी वर-खाली किंचित हलली पाहिजे. ती अ‍ॅक्शन आणि खालच्या प्लेटमध्ये चेपली गेली तर अ‍ॅक्शन वाकते आणि गट फाटतात, म्हणजे गोळ्या एका जागी न लागता पसरतात. आधी पुढचा स्क्रू, मग मागचा, दोन टप्प्यांत. तुमच्या साध्या प्लास्टिक स्टॉकला ४० इंच-पौंडांच्या आसपास, आत अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा असलेल्या स्टॉकला ६५.

आणि हो, स्क्रू काढले म्हणजे नेम हलला. पुन्हा शंभर यार्डांवर शून्य केल्याशिवाय शिकारीला जाऊ नका.

सीअरशास्त्री

बसवून झालं की चाचण्या. यातली एकही वगळायची नाही. रायफल रिकामी, नळी सुरक्षित दिशेला.

७०० मध्ये फायरिंग पिन बोल्ट उघडताना ताणली जाते, त्यामुळे सुटली की नाही ते बोल्टच्या दांड्यावरून कळतं. दांडा हलका उचलला गेला तर अजून ताणलेली आहे, जड लागला तर सुटलेली.

बोल्ट पंचवीस वेळा जोरात पुढे ढकलून लावा, ट्रिगरला बोट न लावता. दरवेळी दांडा हलका उचलला गेला पाहिजे. पंचवीसपैकी एकदा जड लागला तरी नापास.

सेफ्टी लावा, ट्रिगर चांगला जोरात ओढा, सोडा. पाच सेकंद थांबा. आता सेफ्टी काढा, ट्रिगरला हात न लावता. सुटता कामा नये. हे दहा वेळा.

सेफ्टीचा खटका मध्येच, ना पुढे ना मागे, धरून ट्रिगर ओढा, मग खटका पुढे करा. इथेही सुटता कामा नये. जुन्या ट्रिगरांची पोल बहुधा इथेच उघडते.

सेफ्टी काढलेली, बोल्ट लावलेला. रबरी हातोडीने अ‍ॅक्शनच्या आसपास स्टॉकवर चारी बाजूंनी ठोका. मग रायफल उभी धरून दस्त्याच्या बाजूने वीतभर उंचीवरून जाड रबरी चटईवर आपटा. दुर्बीण काढून ठेवलीत तर बरं.

सगळं झाल्यावर वजनाचा स्क्रू बदललात तर पुन्हा पहिल्यापासून. पावणेतीनला पास झालेला ट्रिगर दीडला पास होईलच असं नाही.

ऑस्टिनकर

ट्रिगरटेक स्पेशल घेतला, बसवला. दहा मापांत २ पौंड ९ औंस ते २ पौंड ११ औंस. बोल्टच्या आणि ठोकण्याच्या चाचण्या पास. अडचण एकच: स्टॉक नसताना सेफ्टी टक्कन लागते, स्टॉक चढवला की खटका अर्ध्यावर जड होतो आणि कधीकधी पूर्ण मागे जातच नाही. स्क्रू सैल केले की पुन्हा ठीक. ट्रिगर सदोष आहे का?

पाना_आणि_पंच

ट्रिगर ठीक आहे, स्टॉक आड येतोय. बाहेरच्या ट्रिगरचा खटका कारखान्याच्या खटक्यापेक्षा केसभर जाड किंवा जरा वेगळ्या वळणाचा असतो आणि स्टॉकच्या आतल्या खाचेला घासतो. हे असंच सोडू नका. अर्धवट लागलेली सेफ्टी न लागलेल्या सेफ्टीहून वाईट, कारण आपण भरवसा ठेवतो.

खटक्याच्या आतल्या बाजूला आणि डबीच्या दोन्ही अंगांना मार्करची जाड शाई फासा, वाळायच्या आत स्टॉक चढवून स्क्रू आवळा, सेफ्टी चार वेळा पुढे-मागे करा, उघडा. शाई स्टॉकवर जिथे उमटली तिथेच घासायचं. प्लास्टिक स्टॉक आहे, तेव्हा लाकडी काडीला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा, थोडं घासा, पुन्हा शाई, पुन्हा बघा. तीन-चार फेऱ्या लागतील. खटका कानशीने घासायचा नाही, वाकवायचा तर मुळीच नाही. सगळीकडे पोस्टकार्डाच्या जाडीची मोकळीक मिळाली की पुरे.

त्याच फेरीत ट्रिगरचं पातं गार्डच्या फटीत मध्यावर आहे ना तेही बघा, आणि बोल्ट सोडायची पट्टी दाबून सोडल्यावर आपणहून परत येते का तेही.

घासल्यावरचा भुसा झटकून, व्हॅक्यूमने ओढून घ्या. मग सेफ्टीच्या दोन्ही चाचण्या पुन्हा, या वेळी स्टॉक लावून आणि टॉर्क देऊन. तुम्ही बहुतेक त्या स्टॉकशिवाय केल्या असणार.

लांबपल्ला

देखभालीचं राहिलं. ट्रिगरमध्ये तेल घालायचं नाही. ‘एक थेंब’ही नाही. तेल धूळ आणि बारूदीची काजळी धरून ठेवतं, आणि थंडीत घट्ट होतं. डब्यातला सर्वगुणसंपन्न स्प्रे तर अजिबात नको, तो वाळला की लाखेसारखा थर राहतो. कोरडा ट्रिगर हाच चांगला ट्रिगर. घाण गेलीच तर लायटरमध्ये भरायचं नॅफ्था आतून सोडून निथळू द्यायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. ब्रेक क्लीनर काही थरांना आणि प्लास्टिकला खातो, तो टाळा.

घाण जाते ती बहुतेक वेळा आपल्याच हाताने. नळी साफ करताना रायफल नाकाड खाली करून ठेवा आणि बोअर गाइड (साफसफाईची काडी सरळ नेणारी, मागून घालायची नळी) वापरा, नाहीतर सगळं सॉल्व्हंट मागे ओघळून सरळ ट्रिगरच्या डबीत उतरतं.

ऑस्टिनकर

बरोबर ओळखलंत, स्टॉकशिवायच केल्या होत्या. शाई खटक्याच्या वळणापाशी आणि डबीच्या उजव्या अंगाला उमटली. तीन फेऱ्यांत सुटलं. स्टॉकसकट दोन्ही चाचण्या दहा-दहा वेळा पास.

एक शेवटचं. पुण्यात चुलतभावाकडे आजोबांची .३१५ रायफल आहे, परवाना त्याच्या नावावर. तो विचारतोय, तिला असा काही बसतो का? मी येताना घेऊन येऊ का?

बालेवाडी_५०मी

आणू नका! १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. बॅगेतून ट्रिगर आणणं म्हणजे कस्टममध्ये शस्त्र आणल्याचीच भानगड, आणि तिकडून बाहेर नेण्यावर अमेरिकेचीही बंधनं आहेत. दुरुस्ती आणि फेरफारही इथे परवानाधारक माणसाकडूनच.

आणि आणून उपयोगही नाही. आयुध निर्माणीची .३१५ ही ली-एनफिल्ड या ब्रिटिश सैन्याच्या जुन्या रायफलीच्या अ‍ॅक्शनवर बेतलेली. ७०० सारखी डबी काढली, डबी लावली हा प्रकार तिथे नाही. ट्रिगर अ‍ॅक्शनला नाही तर खालच्या ट्रिगर गार्डला अडकवलेला असतो, आणि त्याच्या माथ्यावरचे दोन उंचवटे एकामागून एक सीअरला लागतात. म्हणून आधी लांब हलकी ओढ, मग आखूड जड ओढ. सैन्याची दोन टप्प्यांची पद्धत, तो दोष नव्हे.

तिथे बिघडतं ते बहुतेक लाकूड. स्टॉक वाळून आकसला की गार्ड अ‍ॅक्शनच्या जवळ सरकतं, ट्रिगर आणि सीअर यांचं अंतर बदलतं आणि दोन टप्पे एकमेकांत मिसळतात. आजोबांची रायफल वर्षानुवर्षं कपाटात असेल तर चुलतभावाने आधी गार्डचे स्क्रू आणि त्यांच्याभोवतीचं लाकूड दाखवून घ्यावं. पुढच्या स्क्रूपाशी लाकूड चेपलेलं दिसलं तर ते भरून घ्यायचं. ट्रिगरला कानस लावायची गरज क्वचितच पडते.

हलक्या ट्रिगरची हौस असेल तर त्याला बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर पाठवा. ५० मीटरच्या .२२ प्रकारात, म्हणजे ज्यात स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं त्यात, ट्रिगरच्या वजनाला खालची मर्यादाच नाही. सामन्याच्या रायफलींना कारखान्यातूनच असा ट्रिगर येतो की बाहेरचा शोधावा लागत नाही.